गोष्टीतलं मरण गाळायचं का?

‘गोष्टीत कुणी मेलं की आम्ही ते पान उलटून पुढे जातो. बरोबर ना?’ लहानग्यांचे आईबाबा हे इतक्यांदा विचारतात, की एका मुलाची हकिगत सांगूनच उत्तर देते. ओळखीचे तपशील अर्थातच बदललेत.

सहा वर्षांचा मुलगा. आजोबा गेल्यापासून झोपायला तयार नव्हता. आईला डुलकी लागली तरी हलवून जागं करायचा. ‘आजोबा झोपलेत,’ असं त्याला सांगितलं होतं, त्यामुळे झोपेच्या भीतीचं मला नवल वाटलं नाही. आईला कोडं पडलं होतं ते वेगळंच : लाडकी चिऊ-काऊची गोष्टही त्याला नको झाली होती.

मी मुद्दाम तीच काढली. मुलांशी थेट बोलण्याआधी मी गोष्टीच्या वाटेनं जाते, आणि ती वाट मला क्वचितच फसवते. शेणाचं घर वाहून गेलं, काऊ दारात. ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते...’ इथवर आले आणि तो किंचाळला, ‘दार उघड ना! आजोबा भिजतायत!’

आई बघतच राहिली. मग तिला आठवलं. दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, ‘आजोबा रुसलेत.’ मोठी माणसं विसरली, यानं धरून ठेवलं. घरात मरणाचा विषय टाळला होता, म्हणून त्यानं आपली गोष्ट रचली, आणि तीत आजोबा पावसात उभे होते. कुठल्याही पुस्तकात इतकं भयंकर पान मी वाचलेलं नाही.

उत्तर आईनंच द्यावं, असं मी सुचवलं.

‘आजोबांचं शरीर बंद पडलं, राजा. त्यांना आता थंडी वाजत नाही, भूक लागत नाही.’

‘झोपलेत ना?’

‘नाही. झोपलेला माणूस उठतो. आजोबा मेले, ते उठणार नाहीत.’

तो खूप रडला. आईही. पुढच्या भेटीत गोष्ट त्यानं सांगितली. त्याच्या चिऊनं पहिल्याच हाकेला दार उघडलं.

मानसशास्त्रज्ञ मारिया नागी यांनी हंगेरीतल्या मुलांशी बोलून १९४८मध्येच नोंदवलं होतं, की पाचच्या आतली मुलं मरणाला झोप किंवा प्रवास समजतात. ‘देवाघरी गेले’ म्हटलं की ‘कधी येणार?’ हे ओघानंच येतं. तेव्हा पुस्तक आधी स्वतः वाचा, पण पान गाळू नका. मूल थांबेल तिथं थांबा. तात्पर्य विचारू नका. तोच प्रश्न दहा वेळा आला, तर त्याच साध्या शब्दांत दहा वेळा उत्तर द्या.