उपकार फेडावेत की चुकवावेत?

इंदूरच्या एका वाचक भगिनींनी पुण्याच्या नातेवाइकांना लिहिले होते, ‘काकांनी आमच्यासाठी फार केले, त्यांचे उपकार आम्ही नक्की चुकवू.’ त्यावर तिकडची मंडळी नाराज का झाली, आणि उपकार न फेडणाऱ्याला सरसकट ‘कृतघ्न’ म्हणावे काय, असे त्यांनी विचारले आहे.

नाराजीचे मूळ हिंदीच्या शेजारात आहे. हिंदीत ‘कर चुकाना’ म्हणजे कर भरणे, तर मराठीत ‘कर चुकवणे’ म्हणजे तो बुडवणे. त्यामुळे ‘एहसान चुकाना’चे ‘उपकार चुकवणे’ झाले की पुणेकराला त्यात अंग काढून घेण्याचीच भाषा ऐकू येते. सगळा दोष हिंदीच्या माथी मारणेही बरोबर नाही, कारण ‘हिशेब चुकता करणे’ या प्रयोगात परतफेडीचा तोच अर्थ आपणही सांभाळला आहे. उपकारांच्या बाबतीत मात्र ‘फेडणे’ आणि ‘उतराई होणे’ हेच रूढ आहे, आणि आईवडिलांचे तर पांग फेडतात.

‘कृतघ्न’ हा शब्द जपून वापरावा, असे माझे मत आहे. तो ‘कृतज्ञ’चा निव्वळ नकार नव्हे, त्यातला ‘घ्न’ हा ‘शत्रुघ्न’मधलाच, म्हणजे घात करणारा. वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात, सीतेच्या शोधाचे वचन विसरून विलासात रमलेल्या सुग्रीवाला संतापलेला लक्ष्मण सुनावतो की चोराला, मद्यप्याला, व्रत मोडणाऱ्यालाही प्रायश्चित्त आहे, कृतघ्नाला नाही. त्याची समजूत घालणारी तारा मात्र ‘अकृतज्ञ’ हा सौम्य शब्द निवडते आणि सुग्रीव तोही नाही, असे सांगते. (वकिली करावी तर अशी!)

इंदुरात सर्रास कानी पडणारा ‘एहसानफरामोश’ त्या मानाने हलका आहे, कारण फारसी ‘फरामोश’ म्हणजे केवळ विसरलेला. ‘नमकहराम’ मुळात चाकरीतला शब्द आहे. ज्याचे मीठ खाल्ले त्या धन्याशी बेइमान झालेल्याला तो शोभतो, उसने पैसे विसरलेल्या मित्राला नव्हे. अशा मित्राविषयी ‘त्याने उपकारांची जाण ठेवली नाही’ एवढे म्हणणे पुरते, आणि फारच राग आला असेल तर ‘गरज सरो, वैद्य मरो’ आहेच. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणारा’ हे मात्र त्याच्याविषयी म्हणू नये, कारण वासे मोजणारा काहीच विसरलेला नसतो. ज्या घरी जेवला, त्याच घराचे वाईट चिंतत असतो.