मुलांचे दात आणि लठ्ठपणा यांवर बालरोगतज्ज्ञ एकत्र संशोधन का करतात? दात तर दंतवैद्याचं काम ना?

कारण दोन्हींच्या मुळाशी बऱ्याचदा एकच गोष्ट असते: साखर, त्यातही पिण्यातून पोटात जाणारी. शिवाय दंतवैद्याकडे मूल बहुतेक वेळा दुखायला लागल्यावरच जातं. बालरोगतज्ज्ञाकडे मात्र लसीकरणासाठी पहिल्या वर्षातच अनेकदा येतं. ही संधी वाया जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

बाळाचा वरचा ओठ अलगद उचलून बघा. हिरडीलगत दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात असू शकते. तेव्हाच लक्ष दिलं तर दात सावरतो; खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात आणि ते दाताचं कवच विरघळवतं. झोपेत लाळ कमी होते, म्हणून गोड दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणं फार वाईट. त्याच बाटलीतल्या कॅलरी वजनही वाढवतात, कारण गोड पेयाने पोट भरल्यासारखं वाटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये खाण्यापिण्यात वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवायला सांगितलं. यात फळांचा रसही धरतात, हे कित्येक पालकांना माहीतच नसतं.

मात्र दात किडलेलं प्रत्येक मूल लठ्ठ नसतं. दुखतं म्हणून काही मुलं नीट जेवतच नाहीत आणि त्यांचं वजन उलट कमी राहतं. या विषयावरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे येत नाहीत, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.