४८ हजारांची दुरुस्ती की ७ लाखांचं कर्ज?

ताई, बडोद्याच्या दांडियाबाजारातून तुम्ही लिहिलंय: २०१४ ची पेट्रोल गाडी, ८२ हजार किलोमीटर झालेली, गॅरेजवाल्याने ४८ हजारांचं एस्टिमेट हातात दिलंय. शोरूमवाला म्हणतो, जुनी दीड लाखाला घेतो, बाकीच्या ७ लाखांचं कर्ज करून देतो. निवृत्ती २०२९ मध्ये, मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, बँकेत २ लाखांची एफडी.

गाडी दुरुस्त करा. नवी आत्ता नको.

७ लाख, ९ टक्के, ५ वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण १४,५३० रुपये आणि एकूण व्याज १ लाख ७२ हजारांच्या आसपास. तुमची अख्खी दुरुस्ती साडेतीन हप्त्यांच्या आतच बसते. मला जास्त काळजी वेगळीच वाटते. हे कर्ज तुमच्या निवृत्तीनंतरही चालू राहील आणि ते हप्ते पेन्शनमधून जातील. तोवर नव्या गाडीची किंमत मात्र विम्याच्या तक्त्याप्रमाणे निम्म्यावर आलेली असेल.

पण ४८ हजारही डोळे मिटून देऊ नका. तुम्ही पाठवलेला एस्टिमेटचा फोटो मी नीट वाचला. टायर १९,०००, सस्पेन्शन ९,५००, क्लच १३,५००, आणि शेवटी ‘इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसी ट्रीटमेंट’ ६,०००. गाडी नीट चालत असेल, एसी थंड करत असेल, तर ते ६ हजार सरळ काढून टाकायला सांगा. टायरला मात्र नाही म्हणू नका. तुम्ही पाठवलेल्या टायरच्या फोटोत कडेला शेवटचे चार आकडे २३१८ दिसतात, म्हणजे तो २०१८ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी अजून आहे, पण कडेच्या रबराला बारीक भेगा पडल्यात. बडोद्याच्या उन्हाळ्यात हायवेवर अशा टायरचा भरवसा मी धरणार नाही. सस्पेन्शनचं काम त्याच वेळी करा, नाहीतर नवे टायर वेडेवाकडे झिजतील. नंतर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या.

क्लचचं आधी तपासा. गेंडा सर्कलच्या पुलावर चढताना इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, असं होतंय का? होत नसेल तर ते काम दोन-तीन महिने थांबेल आणि एफडी मोडावी लागणार नाही. काम झाल्यावर काढलेले जुने भाग मागून बघा. चांगला मिस्त्री ते न मागता डिकीत ठेवतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हा गाडी पुण्याला भावाकडे होती, असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मी इतकं ठामपणे सांगतेय. पाण्यात उभी राहिलेली असती तर उलट सल्ला दिला असता. वायरिंगच्या जोडांना गंज चढतो आणि महिन्यांनी एकेक बिघाड वर येतो. त्या खर्चाला तळ नसतो. पुढच्या पावसात कुठे पाणी साचलंच तर बुडालेली गाडी सुरू करून बघू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर ते नुकसान साधा विमा बहुतेक वेळा देत नाही. इंजिनाचं जादा संरक्षण जुन्या गाडीला मिळतं का, हे नूतनीकरणाआधी विचारा. नूतनीकरण वेळेवर करा. मुदत संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि तुमचा तो ५० टक्के आहे.

शोरूमला देणार होतात त्या हप्त्यातले ४ हजार दरमहा आरडीत टाका. २०२९ मध्ये गाडीची १५ वर्षं भरतील, नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागेल. फिटनेसला गाडी कशी उतरते ते बघून तेव्हा ठरवू. तुमची ग्रॅच्युइटीही तोवर हातात असेल.