सगळे सिगार सारखेच का लागतात, आणि फरक कळण्यासाठी काय करावं?

तुम्ही विचारलंय की हाताने वळलेले पाच-सहा नामांकित सिगार ओढून पाहिले, पण सगळे 'धुरासारखेच' लागले. मग परीक्षणांत लिहितात ते कोको, चामडं, देवदार खरंच लागतं का?

खरंच लागतं. पण ते एकट्या सिगारात सहसा सापडत नाही, जोडीत सापडतं. नवख्या जिभेजवळ मोजायला दुसरं काही नसतं, म्हणून ती एवढंच सांगते की हा तंबाखू आहे. तुमच्या पाच-सहा सिगारांत देश वेगळा, जाडी वेगळी, पान वेगळं, ओढण्याचा दिवसही वेगळा. इतकं सगळं एकदम बदललं तर काय कशामुळे लागलं ते कुणालाच कळणार नाही. दोन सिगार घ्या, ज्यांत एकच गोष्ट वेगळी आहे. माझी सगळी शिकवणी त्यातून झाली.

आधी सिगारच्या पोटात काय असतं ते पाहू. मधे फिलर, त्याला बांधून ठेवणारं बाइंडर, आणि वर दिसतं ते रॅपर. फिलरमधली पानं झाडावर कुठे वाढली यावरून ओळखली जातात. खालची व्होलादो, जी चांगली जळतात. मधली सेको, जी सुगंध देतात. आणि वरची लिहेरो. वरच्या पानांना ऊन जास्त मिळतं, ती जाड आणि तेलकट होतात, सावकाश जळतात आणि सिगारचा जोर मुख्यतः त्यांच्यातूनच येतो. म्हणून वळणारा कारागीर लिहेरो बरोबर मध्यभागी ठेवतो. नीट वळलेल्या सिगारची राख हलकेच पाडली की आतला निखारा टोकदार दिसतो, तो यामुळे.

आता जोड्या. क्यूबाचे सिगार मिळत असतील तर पार्तागास सेरी डी नंबर ४ आणि ओयो दे मोंतेर्रे एपिक्युर नंबर २ घ्या. दोन्ही रोबुस्तो, म्हणजे आखूड आणि जाड आकाराचे, दोन्ही १२४ मिलिमीटर लांब आणि ५० रिंग गेजचे. (रिंग गेज म्हणजे व्यास, इंचाच्या ६४ व्या भागात, ५० म्हणजे साधारण २० मिलिमीटर.) देश एक, आकार एक, फरक फक्त पानांच्या मिश्रणाचा. पहिला मातकट, मिरीसारखा, भरगच्च. दुसरा हलका, कोरड्या लाकडाचा, मागाहून थोडा साईसारखा. 'बॉडी', म्हणजे तोंडात जाणवणारा धुराचा भरीवपणा, या शब्दाचा अर्थ मला या जोडीने शिकवला.

दुसरी जोडी रॅपरसाठी. निकाराग्वाचा पाद्रोन १९६४ ॲनिव्हर्सरी नॅचरल (फिकट) आणि मादुरो (काळपट) अशा दोन रॅपरांत मिळतो. एकाच आकारातले दोन्ही घ्या. मादुरोचं पान जास्त काळ आणि जास्त उष्णतेत आंबवून काळपट केलेलं असतं, त्यात गोडसर, कोकोसारखी छटा येते. कोको म्हणजे काय हे कळायला याहून सोपी वाट मला माहीत नाही.

तिसरी जोडी जाडीची. एकाच मालिकेतला ५० रिंग गेजचा रोबुस्तो आणि ३८ चा लान्सेरो, म्हणजे लांब, बारीक सिगार. सिगार जसा बारीक होतो तसा फिलरच्या मानाने रॅपरचा वाटा वाढतो. ३८ मध्ये तो ५० पेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त पडतो. त्यामुळे तेच रॅपर लान्सेरोत पुढे येऊन बोलतं.

या सगळ्यात एक काम मनापासून करा: बँड, म्हणजे सिगारवरची नावाची कागदी पट्टी, काढून टाका. घरातल्या कुणाला तरी सांगा की दोन्हीचे बँड काढून एकाला लाल आणि एकाला पांढरा दोरा बांधून द्या, आणि कुठला दोरा कशाला ते चिठ्ठीवर लिहून ठेवा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा काळपट सिगारपुढे वहीत 'जोरदार' लिहिलं आणि फिकटापुढे 'सौम्य'. नंतर चिठ्ठी उघडली, मिश्रणाची माहिती वाचली, तर लिहेरो भरपूर होतं ते फिकट सिगारमध्ये. मी डोळ्यांनी चाखत होतो. रंग रॅपरचा आणि आंबवण्याचा असतो, जोर आतल्या पानांचा. त्या दिवसापासून बँड वाचून केलेल्या माझ्या जुन्या नोंदी मी मोजत नाही. आणि प्रत्येक जोडी किमान तीन वेळा ओढल्याशिवाय मत देत नाही, कारण हाताने वळलेल्या वस्तूत एकाच खोक्यातल्या दोन नगांतही फरक असतो.

ओलाव्याबद्दलही सांगायला हवं, कारण न लागणाऱ्या चवीचं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं. ओलसर सिगार ओढायला घट्ट, पुन्हा पुन्हा विझणारा आणि कडवट. फार कोरडा झालेला भराभर जळतो, गरम होतो आणि जीभ चरचरते. मी सिगार बंद डब्यात, ६५ टक्के आर्द्रता राखणारी पाकिटं टाकून, १८ ते २० अंशांत ठेवतो. एकदा मागवलेलं एक खोकं आल्या दिवशीच उघडून ओढलं आणि वाईट माल म्हणून बाजूला सारलं. तीन महिन्यांनी त्याच खोक्यातला सिगार काढला, तर तो त्या वर्षातला माझा सर्वात आवडता ठरला. जोडीतले दोन्ही सिगार किमान महिनाभर एकाच डब्यात राहिलेले असावेत, नाहीतर तुम्ही तंबाखूची नाही, पाण्याची तुलना करत असता. उष्णता वाढू देऊ नका, तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी उबेत फुटतात आणि पानांना बारीक भोकं पडतात.

मिनिटाला एक झुरका पुरे. घाईने ओढला की निखारा तापतो आणि सगळे सिगार खरोखरच सारखे लागतात. तुमच्या प्रश्नातलं अर्धं उत्तर कदाचित इथेच असेल. मधे साधं पाणी. पेटवताना ब्युटेनचा लायटर किंवा लाकडाची काडी, पेट्रोलचा लायटर नको.

आणि नाक! धूर छातीत घ्यायचा नाही, पण तोंडातला बराचसा सोडून दिल्यावर उरलेला थोडा, अगदी चतुर्थांश, बंद ओठांनी नाकावाटे हळूच बाहेर सोडा. जिभेला खारट, गोड, कडू, आंबट अशा मोजक्या चवीच कळतात. चामडं आणि देवदार ओळखतं ते नाक. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी येईल. एका सिगारमध्ये चार-पाच वेळा केलंत तरी पुष्कळ.

शब्दांचंही सांगतो. परीक्षणांतले शब्द उसने घेऊ नका. आपल्या भाषेत वासांचे शब्द इतके नेमके आहेत की मला परक्या यादीची गरज वाटेनाशी झाली. खमंग आणि करपट यांत जो फरक आहे तोच चांगल्या भाजक्या चवीत आणि तापलेल्या सिगारमध्ये असतो. कुबट म्हणजे साठवण बिघडली. उग्र वेगळं, तिखट वेगळं, ठसका वेगळा. मातकट, तुरट, गोडसर, धुरकट, कोरडं. नाकात चुणचुणणारा अमोनियासारखा दर्प आला तर पानाचं आंबवणं अपुरं राहिलंय किंवा सिगार अजून कोवळा आहे. तो काही महिने ठेवून द्या. माझ्या वहीत 'चामडं' हा शब्द खूप उशिरा आला, पण त्याआधी दोन वर्षं मी त्याच चवीसमोर 'जुन्या पट्ट्याचा वास' असं लिहीत होतो. नोंद सिगारच्या तीन भागांत करा: पहिला तृतीयांश, मधला, शेवटचा. शेवटाकडे जोर वाढतो, तेव्हा शेवट शेवटाशीच ताडून पाहा.

एक गोष्ट छंद म्हणून झाकायची नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्याने निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं, छातीत न घेताही. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका सिगारनेही वाढतो, आणि मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. म्हणून जोडी एका बैठकीत पूर्ण ओढू नका. मी दोन्हींचा पहिला तृतीयांश आलटून पालटून ओढतो आणि दोन्ही ठेवून देतो. पुढच्या भागांसाठी वेगळे दिवस, त्याच वेळेला, जेवणानंतर. मळमळ किंवा घाम सुरू झाला की तिथेच थांबायचं. महिन्यातून दोन बैठका, यापलीकडे मी जात नाही. जो आज ओढत नाही त्याने माझं वाचून सुरुवात करावी असं मला मुळीच वाटत नाही.

तुम्ही आधीच ओढता आहात, तर पुढचे दोन सिगार नॅचरल आणि मादुरोच्या जोडीचे घ्या. महिनाभर एका डब्यात ठेवा, दोरे बांधून घ्या, आणि पहिल्या तृतीयांशात लाल गोडसर लागला की पांढरा ते इथे खाली लिहा. चिठ्ठी त्यानंतर उघडा.