पीएच.डी.ची जागा शोधताना पैसा कुठून येतो ते आधी पाहा

प्रश्न : मी सोलापूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले असून माझा लघुप्रबंध झिंक ऑक्साइडच्या पातळ थरांवर होता. वडील यंत्रमागावर काम करतात, त्यामुळे विद्यावेतनाशिवाय संशोधन मला परवडणार नाही. परदेशात पीएच.डी.ची जागा मिळवून देतो म्हणून एका सल्लागाराने मोठी रक्कम मागितली आहे. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ती रक्कम कृपया देऊ नका. विद्यावेतनाची जागा निवड होऊन मिळते. त्यासाठी अर्जाच्या शुल्कापलीकडे खर्च नसतो, आणि मध्यस्थाला तर काहीच द्यावे लागत नाही.

आपण सीएसआयआर-नेट या विज्ञान विषयांच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी आधी करावी, असे मला मनापासून वाटते. तीतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्रवृत्ती) म्हणून ४२,००० रुपये आणि नियमानुसार घरभाडे भत्ता, असे २०२३ पासूनचे दर आहेत. हे विद्यावेतन आपल्या नावावर असल्याने, मार्गदर्शकाकडे चालू प्रकल्प नसला तरी आपले अडत नाही. मात्र निकालात ‘केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र’ असा शेरा आला, तर त्याने प्रवेशाची वाट मोकळी होते, विद्यावेतन मिळत नाही; हा फरक अनेकांच्या फार उशिरा लक्षात येतो. गेट आणि जेस्ट (भौतिकशास्त्रातील संशोधन प्रवेशाची संयुक्त चाळणी) याही परीक्षा द्याव्यात, कारण आयआयटी, आयसर (केंद्राच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) यांसारख्या संस्था त्या गुणांवर मुलाखतीस बोलावतात. पीएच.डी.ची नोंदणी झाल्यावर, आपल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीची जाहिरातही पाहावी.

एखाद्या प्राध्यापकांच्या प्रकल्पाच्या पैशांतून जेआरएफची जागा निघाली, तर प्रकल्पाची किती वर्षे उरली आहेत आणि त्यावर पीएच.डी.ची नोंदणी होते का, हे रुजू होण्याआधीच विचारावे. पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात. वर्षभरात संपणारा प्रकल्प आपल्याला मध्येच उघड्यावर सोडेल.

जर्मनी, नेदरलँड्स येथे संशोधक विद्यार्थ्याच्या बऱ्याच जागा पगारी नोकरी म्हणून जाहीर होतात. त्या युरॅक्सेस या युरोपीय संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात आणि अर्ज आपणच थेट करायचा असतो.

प्राध्यापकांना पत्र लिहिताना ‘मी कष्टाळू आणि होतकरू आहे’ अशी सुरुवात नको, कारण तशी पत्रे त्यांच्याकडे ढिगाने येतात. थर कोणत्या पद्धतीने आणि किती तापमानाला तयार केले, क्ष-किरण विवर्तनात (थराची स्फटिकरचना दाखवणाऱ्या चाचणीत) काय दिसले, कोणता नमुना बिघडला आणि का, हे चार-पाच वाक्यांत लिहा. मग त्यांच्या एखाद्या शोधनिबंधातील कोणत्या आलेखावरून आपल्याला प्रश्न पडला, ते सांगा. सोबत गुणपत्रक आणि दोन पानांचा परिचय पुरेसा आहे. शिफारसपत्र लघुप्रबंधाच्या मार्गदर्शकांकडूनच घ्यावे, कारण प्रयोगशाळेत आपले काम त्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे, आणि त्यांना निदान महिनाभर आधी सांगून ठेवावे.