ऑपरेशन छान झालं, मग महिन्याने धूसर का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, सासूबाईंचं (वय ६६, शुगर आहे, गोळ्या चालू) उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर इतक्या खुश की लगेच तांदूळ निवडायला बसल्या, महिनाभर सगळं मस्त होतं आणि आता पाचव्या आठवड्यापासून म्हणतात की मधोमध धुरकट दिसतंय, पोथीच्या ओळी वाकड्या दिसतात. डोळा लाल नाही, दुखत नाही. पडद्याच्या डॉक्टरांनी स्कॅन केला, पडद्याला सूज आहे म्हणाले आणि दोन प्रकारचे थेंब दिले. घरात सगळे म्हणतायत ऑपरेशन बिघडलं. लेन्स पुढे टाकली तर सूज मागे कशी? आणि थेंब तरी तिथवर कसे पोचणार?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, ऑपरेशन बिघडलं असं एवढ्यावरून म्हणता येत नाही, चांगल्या हातच्या चांगल्या ऑपरेशननंतरही हे शंभरातल्या एखाद-दुसऱ्याला होतं, आणि शुगरवाल्यांना जरा जास्त. दिसायला लागल्यावर पुन्हा धूसर होणं हे माणसाला फार लागतं, म्हणून घरात चिडचिड होणार हेही समजतं.

आता मागे सूज कशी ते बघू. तुमच्या वरच्या मजल्याचं बाथरूम गळून तुमच्या छताला ओल आलीय असं कधी झालंय का? फरशी फुटलेली नसते, दोन फरशांच्या सांध्यातलं सिमेंट गेलेलं असतं. पडद्याचंही तसंच आहे. रक्तातलं पाणी आणि प्रोटीन पडद्यात वाटेल तसं शिरू नये म्हणून निसर्गाने तिथे दोन बंदोबस्त केलेत. एक, पडद्यातल्या केसापेक्षाही बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती, ज्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. दुसरा, पडद्याच्या मागे रंगीत पेशींचा एक थर, आणि गंमत म्हणजे या पेशी खरंच षटकोनी फरशांसारख्या बसवलेल्या असतात. सांध्यात सिमेंटच्या जागी ऑक्लुडिन, क्लॉडिन अशी प्रोटीन्स. शिवाय हा मागचा थर नुसता अडवत नाही, पडद्यात आलेलं पाणी मागे ओढून पण टाकतो, म्हणजे फरशी पण तीच आणि मोटर पण तीच.

ऑपरेशनमध्ये डोळ्याच्या पुढच्या भागाला, बुबुळाच्या आसपास, थोडी इजा होतेच. शरीर त्याला उत्तर म्हणून प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं सोडतं. जखम भरायला ती लागतात, पण काहींच्या डोळ्यात ती जास्त वेळ बनत राहतात आणि डोळ्यातल्या जेलीतून झिरपत मागे जातात, तिथे वाहिन्यांचे सांधे सैल करतात. पाणी गळायला लागतं, मोटर पुरी पडत नाही, आणि पाणी साचतं ते नेमकं मधल्या भागात, कारण तिथले तंतू तिरपे आणि सैलसर असतात, जागा मिळते. हा भाग निरोगी डोळ्यात साधारण पाव मिलिमीटर जाड असतो, तो फुगला की सरळ ओळ वाकडी दिसणारच. याला वेळ लागतो म्हणून चार ते बारा आठवड्यांनी तक्रार सुरू होते, पहिल्या दिवशी नाही.

हे जुनं दुखणं आहे बरं का. अमेरिकेत अर्व्हाइन यांनी १९५३ मध्ये मोतीबिंदूनंतरची ही तक्रार मांडली. पण पाणी गळताना दिसायला १९६१ उजाडलं, त्या वर्षी इंडियानापोलिसच्या नोव्हॉटनी आणि अल्व्हिस या दोन मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी हाताच्या शिरेत फ्लुओरेसिन नावाचा रंग सोडून पडद्याचे फोटो कसे काढायचे ते छापलं. मग १९६६ मध्ये मायामीच्या गास यांनी त्याच रंगाने दाखवलं की तो मध्यभागी फुलाच्या पाकळ्यांसारखा साचतो. (हीच टेस्ट आजही करतात, एक दिवस लघवी पिवळीधमक होते, घाबरू नका.) सासूबाईंचा झाला तो बहुतेक ओसीटी स्कॅन, म्हणजे प्रकाशाने पडद्याच्या थरांचं चित्र काढणं, त्यात सुई नाही.

थेंबांचं म्हणाल तर सगळं औषध मागे पोचायची गरजच नाही, रसायनं जिथे बनतात तो कारखाना पुढेच आहे, तो बंद केला की मागचे सांधे हळूहळू आवळतात. दोनपैकी एक थेंब बहुधा नेपाफेनॅक किंवा केटोरोलॅक (प्रोस्टाग्लँडिन बनू न देणारी औषधं) असेल आणि दुसरा स्टेरॉइडचा. आठवड्यात फरक पडला नाही म्हणून बंद करू नका, हे काम महिन्यांचं असतं आणि बहुतेकांचं उतरतं. नाहीच उतरलं तर डोळ्यात किंवा डोळ्याशेजारी इंजेक्शन देतात. स्टेरॉइडने डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं म्हणून तपासायला बोलावलं की जायचंच. आधीपासून काचबिंदूचे थेंब चालू असतील तर ती बाटलीही सोबत न्या, त्यातल्या काहींनी ही सूज वाढते. घरी रोज एक डोळा झाकून ठरलेल्या अंतरावरून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगा.

डोळा लाल होऊन ठणकायला लागला आणि दिसणं झपाट्याने कमी झालं तर ते वेगळं, इन्फेक्शन असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी.

प्रश्न : बाबांना शुगरमुळे पडद्याला सूज आहे. तीन इंजेक्शनं झाली, सूज थोडीच उतरली, आता डॉक्टर स्टेरॉइडचं म्हणतात. पहिली वाया गेली का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. पहिली इंजेक्शनं व्हीईजीएफ नावाच्या एका रसायनाला पकडतात, ते सांधे सैल करणारं मोठं रसायन आहे पण एकटंच नाही. वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली की वाहिन्यांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी मरतात, पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटतात आणि एक मंद सूज सतत चालू राहते. स्टेरॉइड या सगळ्यावर एकदम हात टाकतं, सांधेही घट्ट करतं. पण मोतीबिंदू लवकर येतो आणि प्रेशर वाढू शकतं, म्हणून आधी देत नाहीत. बाबांना काचबिंदू असेल तर इंजेक्शनआधी ते स्वतःहून सांगा.

प्रश्न : हळदीने सूज उतरते ना? मग डोळ्याची का नाही?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : प्रयोगशाळेत हळदीतलं कर्क्युमिन चांगलं काम करतं, पण पोटातून ते रक्तात फारच थोडं जातं, पडद्यापर्यंत तर बोलायलाच नको. भाजीत खुशाल घाला. डोळ्यात हळद, मध, गुलाबपाणी काहीही नको, ऑपरेशन झालेल्या डोळ्यात तर नाहीच. आणि कुणी प्रेमाने आधीच घातलं असेल तर लपवू नका, तपासणीला गेल्यावर पहिलं तेच सांगा.