कोअर टू ड्युओवर विंडोज ११ टाकताना विंडोजची खूण (लोगो) दिसते आणि मशीन पुन्हा रिस्टार्ट होतं, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात झेरॉक्सचं दुकान, २००९ चा, इंटेलच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा डेस्कटॉप, रॅम ४ जीबी. रुफस या सॉफ्टवेअरने विंडोज टाकायचा पेन ड्राइव्ह बनवताना टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना सॉफ्टवेअर खरं आहे का हे तपासणारी सोय) या अटी काढल्या, तरी विंडोजची निळी खूण येते, स्क्रीन काळी होते आणि मशीन परत पहिल्यापासून सुरू. तीन पेन ड्राइव्ह बदलून झाले. "माझं नेमकं चुकतंय कुठं?"

तुमचं काही चुकत नाही. चौथा पेन ड्राइव्ह मात्र आणू नका.

विंडोज ११ च्या अटी दोन जातीच्या आहेत आणि सगळा घोळ त्या एकच समजल्यामुळे होतो. टीपीएम २.०, सिक्युअर बूट, इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, या गोष्टी सेटअप विचारतो. त्याला विचारू दिलं नाही की तो पुढे जातो, कारण नुसतं चालू व्हायला विंडोजचं यातल्या कशावाचून अडत नाही. दुसऱ्या जातीची अट कुणी विचारतच नाही. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोजचा गाभाच पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या प्रोसेसरच्या सूचना वापरतो. कोअर टू ड्युओला त्या ठाऊकच नाहीत. अनोळखी सूचना समोर आली की तो तिथेच अडतो आणि मशीन रिस्टार्ट होतं. हे इतक्या सुरुवातीला घडतं की एररचा मेसेज दाखवण्याइतकंही विंडोज उभं राहिलेलं नसतं.

चादरीच्या मागावरचं जकार्ड पाहिलं असेल तर हे लगेच पटेल. ६०० हुकांसाठी भोकं पाडलेली कार्डं ४०० हुकांच्या जकार्डवर चढवली, तर विणणारा कितीही कसबी असू दे, नक्षी उतरणार नाही. जादाचे हुक तिथे नाहीतच. रुफस अट काढू शकतो, हुक बसवू शकत नाही.

हे कळायला माझ्या दोन रात्री गेल्या. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि तिथले कॉम्प्युटर बिघडले की तेही माझ्याकडेच येतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हणून मालकांनी ऑफिसातला जुना पीसी नव्यावर न्यायला सांगितला. तोही कोअर टू ड्युओ. रॅम काढून खोडरबरने घासून बसवली, हार्ड डिस्क बदलली, बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) डिफॉल्टवर आणलं. खूण यायची आणि खालचे ठिपके फिरायच्या आत मशीन बंद-चालू. दुसऱ्या रात्री ध्यानात आलं की ते दर वेळी अगदी एकाच जागी पडतंय. मग ड्रॉवरमधला २३एच२ चा, म्हणजे २४एच२ च्या आधीच्या विंडोज ११ चा, जुना पेन ड्राइव्ह लावला, तर त्याच मशीनवर सेटअप सरळ उघडला. म्हणजे मशीन धडधाकट होतं.

तेव्हापासून मी पहिल्यांदा एवढंच बघतो: दर वेळी एकाच जागी अडतंय, की जागा बदलतेय? एकाच जागी अडत असेल तर कारण बहुधा सूचना, सेटिंग किंवा पेन ड्राइव्हमधली खराब फाइल. जागा बदलत असेल तर उष्णता, रॅम नाहीतर पॉवर सप्लाय. मे महिन्यात लूमशेडमधला एक पीसी कधी २० टक्क्यांवर, कधी ५५ वर, कधी नुसत्या खुणेवरच बंद पडायचा. पंखा सोडवला तर खाली कापसाची लव दाबून दाबून जाड नमद्यासारखी झालेली. चिमट्याने ओढली तर अख्खी एका तुकड्यात निघाली, तिच्यावर हीटसिंकच्या पात्यांचे वळ उमटले होते. साफ करून नवी थर्मल पेस्ट लावली, त्याच दुपारी इन्स्टॉल झालं.

जुन्या मशीनचं आणखी एक दुखणं बोर्डावरच्या सेलचं. रात्री दुकानाचा मेन स्विच बंद करत असाल आणि सकाळी तारीख मागे गेलेली दिसत असेल, तर आधी सीआर२०३२ सेल बदला. सेल संपला की बायोसची सेटिंग्ज मूळपदावर जातात. काही बोर्डांवर त्यात डिस्कशी बोलायची पद्धत एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर जाते, आणि काल चाललेलं विंडोज आज 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून अडतं. अशा वेळी फॉरमॅट मारू नका, सेटिंग परत एएचसीआय करा. विंडोज आणि त्यातला डेटा जागेवरच असतो.

खात्री करायची असेल तर आत्ताच्या विंडोजमध्ये सीपीयू-झेड हे प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि 'इन्स्ट्रक्शन्स'च्या ओळीत एसएसई ४.२ शोधा. तुमच्याकडे ते दिसणार नाही. इंटेलमध्ये या दोन्ही सूचना २००८ च्या शेवटी आलेल्या पहिल्या कोअर आय ७ बरोबर आल्या. एएमडीवाले इथे फसतात: एएमडीच्या फिनॉम २ प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आहे पण एसएसई ४.२ नाही, ते २०११ च्या बुलडोझर प्रोसेसरपासून आलं. त्यामुळे फिनॉमवरही २४एच२ चालत नाही.

आता तुमचं काय. २३एच२ टाका असं कुणी सुचवेल, पण होम आणि प्रो आवृत्त्यांसाठी त्याचे सुरक्षा अपडेट ११ नोव्हेंबर २०२५ ला थांबले. गिऱ्हाइकांचे आधार, पॅन तुमच्या मशीनवर येतात, तेव्हा ते मी सुचवणार नाही. ब्राउझर, पीडीएफ आणि प्रिंट एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. २०२९ पर्यंत अपडेट आहेत, ४ जीबी रॅम पुरते, कोअर टू ड्युओही चालतो. विंडोजवर चालणाऱ्या टॅलीशिवाय भागत नसेल तर जुनं मशीन ओढत बसू नका. सेकंडहँड घ्या, पण आठव्या पिढीचं किंवा त्यापुढचंच. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या आय ५ वर २४एच२ अटी काढून सुरू होतं खरं, पण त्याला अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

मिंटचा पेन ड्राइव्ह बनवताना रुफसमध्ये पार्टिशनची पद्धत विचारली की जुनी एमबीआर निवडा, नवी जीपीटी नको. या काळातल्या बोर्डांना बहुधा यूईएफआय (बायोसची नवी जात) नसतं, जीपीटी केलात तर पेन ड्राइव्ह बूटच होणार नाही. स्क्रीन काळी राहिली तर सुरुवातीच्या मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' घ्या. आणि लगेच इन्स्टॉल करू नका. पेन ड्राइव्हवरूनच चालवून तुमच्या झेरॉक्स मशीनवर एक प्रिंट आणि एक स्कॅन काढून बघा. नाही निघालं तर मशीनचं मॉडेल इथे लिहा, ड्रायव्हर आहे का ते मी शोधून सांगतो.